दुपारी बारा ते तीन

समुद्रावरून घरी आलं की पहिले आठ-दहा दिवस जमीन हलते. हे कुणाला सांगितलं की लोक लगेच रक्तदाब तपासून घ्या म्हणतात, म्हणून मी सांगणं सोडलं आहे. गॅससमोर उभी राहिले की ओटा हळूच डावीकडे कलतो आणि परत येतो. मी पाय फाकवून उभी राहते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजते. खिडकीतून कुणी पाहिलं तर त्याला वाटेल, म्हातारी कुस्तीला उभी आहे.

आमचं गाव गोंदियाकडच्या गोरेगावपासून आत, धानाच्या बांध्यांच्या मधोमध आहे. यंदा एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही घर उघडलं. सहा महिने बंद असलेल्या घराला एक वास येतो, तो पोत्यांचाही नसतो आणि उंदरांचाही नसतो. किल्ली शेजारणीकडे असते. ती चौथीत माझ्या हाताखाली होती, आता तिची मुलगी बारावीला आहे, पण मला अजून बाईच म्हणते. तिने अंगण झाडून ठेवलं होतं. नवऱ्याने पिशवीतून बोटीवरचं वायुभारमापक काढलं आणि दरवर्षीप्रमाणे बैठकीच्या खिळ्याला टांगलं. पावसाळ्यात बोटीवर ते गंजतं, म्हणून आम्ही ते सोबत आणतो. आमचा गोंदिया जिल्हा समुद्रसपाटीपासून हजार फूट उंच, त्यामुळे काटा इथे नऊशे सत्तरवर येऊन थांबतो. बोटीवर हा आकडा दिसला तर चक्रीवादळ डोक्यावर आलं असं समजायचं. मी दरवर्षी त्याला म्हणते, अहो, तो काटा इथल्यापुरता जुळवून घ्या. तो म्हणतो, खोटं बोलणारं यंत्र परत खरं बोलेल याची खात्री नसते. म्हणून उन्हाळाभर आमच्या भिंतीवर वादळ असतं आणि बाहेर पानसुद्धा हलत नाही.

आम्ही कोण ते सांगायला हवं. मी सत्तावीस वर्षं याच गावातल्या शाळेत गणित शिकवलं. नवरा व्यापारी जहाजांवर इंजिनियर होता. वर्षातले आठ महिने तो पाण्यावर असायचा आणि मी इथे, तलावाच्या पाळीपासून दोनशे पावलांवर. तो तलाव त्याच्या खापरपणजोबांनी बांधला. या घराला पाणी अडवता येतं, पोरगे अडवता येत नाहीत, असं सासूबाई म्हणायच्या. मी तीस वर्षं त्याची वाट पाहिली आणि त्या तीस वर्षांचा मला राग आहे. तो निवृत्त झाला तेव्हा मी त्याला स्पष्ट सांगितलं की आता घरी बसायचं नाही, आता मला घेऊन जायचं. त्याला वाटलं, ही काश्मीर वगैरे म्हणते आहे.

मग आम्ही एक जुनी शिडाची बोट घेतली, चौतीस फुटांची. हिवाळ्यात फिरायचं, पावसाळ्याआधी केरळात एका दुरुस्तीच्या आवारात ती जमिनीवर चढवायची आणि रेल्वेने घरी यायचं, असे आमचे पाच हिवाळे झाले. लक्षद्वीप झालं, श्रीलंका झाली, मालदीव झालं. पुढच्या जानेवारीत सेशेल्सला जायचं ठरलं होतं. बारा-तेरा दिवस जमीन नाही. रायपूरला असलेली मुलगी आम्हाला वेडे म्हणते, आणि ते ऐकून मला आनंद होतो. सेशेल्स माझं होतं. त्याने जग पाहिलं होतं, मी भिंतीवरच्या नकाशात काठीने दाखवलं होतं.

दोघांच्याच बोटीवर एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे पहारा. तीन तास एकाने जागायचं आणि दुसऱ्याने झोपायचं, मग अदलाबदल. झोपलेल्याचा जीव जागणाऱ्याच्या हातात असतो. पहारा सोडताना म्हणायचं, "बोट तुझ्याकडे." दुसऱ्याने म्हणायचं, "बोट माझ्याकडे." हे उत्तर कानावर आल्याशिवाय पहिल्याने जागचं उठायचं नाही, मग कितीही झोप येवो. आमच्या संसारात इतका काटेकोर दुसरा कुठलाच नियम नाही. दर तासाला नोंदवहीत जागा, दिशा, वारा आणि दिसलेली जहाजं लिहायची. त्याच्या जहाजी सवयीप्रमाणे अक्षर छापील काढायचं आणि "मी" हा शब्द लिहायचा नाही. त्यामुळे पाच वर्षांत आमचं दोघांचं अक्षर इतकं सारखं झालं की कोणती ओळ कुणाची ते आम्हालाही सांगता येत नाही.

आणखी एक. गावात मी त्याला अहो-जाहो करते. बोटीवर तू म्हणते. वाऱ्यात "अहो, तो दोर जरा सोडता का" म्हणेपर्यंत शीड फाटतं. रेल्वेत बसलो की माझं आपोआप अहो सुरू होतं. लिहिताना मात्र मी तो म्हणते आहे, कारण लिहिणं मला बोटीवरच्या कामासारखं वाटतं.

आता मार्चमध्ये काय झालं ते सांगते. आम्ही मालदीवहून कोचीला परतत होतो. तिसऱ्या दिवशी त्याला सकाळपासून ताप होता. बारा ते तीनचा पहारा त्याचा होता. मी घेते म्हटलं, तर नको म्हणाला. मी "बोट तुझ्याकडे" म्हटलं, त्याचं उत्तर ऐकलं आणि खाली जाऊन झोपले. जाग आली तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. मला कुणी उठवलं नव्हतं. वर आले तर तो बसल्या जागी झोपला होता, तोंड उघडं, कमरेचा दोर कडीला अडकवलेला. वाऱ्यावर चालणारं सुकाणू आपलं आपण बोट नेत होतं. समुद्र चारी बाजूंनी रिकामा होता. दोन माणसं झोपलेली आणि बोट चालू, यापेक्षा वाईट काही आमच्या जगात नाही.

मी नोंदवही उघडली. एक, दोन आणि तीनच्या नोंदी जागच्या जागी होत्या. दोनच्या नोंदीत लिहिलं होतं, "मालवाहू जहाज उजवीकडून, सरळ रोखाने. बोट वीस अंश उजवीकडे वळवली. जहाज पुढून गेले, अंतर फार कमी." तीनला, "पुन्हा मूळ दिशा." यंत्राच्या पडद्यावर आमच्या वाटेची रेघ दोनच्या सुमारास खरोखर मोडली होती आणि नंतर सरळ झाली होती. म्हणजे कुणीतरी आम्हाला वाचवलं होतं.

मी त्याला हलवून जागं केलं आणि विचारलं, हे तू लिहिलंस का. तो म्हणाला, "तू लिहिलंस ना. तू होतीस की इथे." मी सांगितलं, मी खाली होते, आत्ता उठते आहे. तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "असेल. मीच लिहिलं असेन. ताप आहे."

त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही. पण मी गणिताची बाई आहे, उत्तर जुळत नसेल तर मला जेवण जात नाही. लिहिणारा एकच असू शकत होता आणि त्याला आपण लिहिल्याचं आठवत नव्हतं. ज्याला दोन तास आठवत नाहीत, त्याच्या भरवशावर मी बारा दिवस झोपणार कशी? मेअखेर केरळच्या आवारात कळवायचं होतं की यंदा बोट पाण्यात उतरवायची की नाही, नाहीतर त्यांचे कारागीर दुसरीकडे लागतात. तोपर्यंत मला ठरवायचं होतं. म्हणून गावी आल्यावर मी एक शाळकरी वही घेतली आणि त्यात नवऱ्याच्या चुका लिहू लागले. हे सांगताना लाज वाटते, पण सांगते.

वही भराभर भरत गेली. साखरेचा डबा फ्रिजमध्ये सापडला. पुढचं दार दुपारी सताड उघडं राहिलं. त्याने बोटीची छोटी पितळी घंटा आणून दाराच्या कडीला बांधली. काऊन म्हणून विचारलं तर म्हणे, मांजर येते. मांजर कडी वाजवून येतं काय? सगळ्यात वाईट म्हणजे तो मला रोज संध्याकाळी विचारायचा, "आज दुपारी जेवल्यावर आपण काय केलं गं?" मी सांगायची, झोपलो, दुसरं काय करणार या उन्हात. तो मान हलवायचा. मी वहीत लिहायची, "दुपारचं आठवत नाही." एप्रिल संपेपर्यंत अशा वीसेक नोंदी झाल्या. काही दिवशी तीनच्या सुमारास मला जाग यायची तेव्हा तो घामाने ओलाचिंब खुर्चीत बसलेला असायचा, चेहरा तांबडा झालेला. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणायचा, इथेच. मला त्याची फार कीव यायची आणि कीव आली की मी जास्तच खेकसते.

मे उजाडला. आमच्याकडे मे महिन्यात बारा ते तीन गाव नसतंच. कूलर घरघरतात, दारं बंद असतात, गल्लीत कुत्रंही दिसत नाही. तेंदूपत्ता तोडायला गेलेली माणसं सकाळीच परत येऊन पडलेली असतात. तलावाचं पाणी आत आत सरकत गेलं होतं आणि भोवती राखाडी गाळाला भेगा पडल्या होत्या. बारा वाजता पाळीवर जाऊ नये असं म्हाताऱ्या बाया सांगतात. मी शाळेत या गोष्टीची नेहमी टर उडवली.

एका सकाळी शेजारीण लोणच्याच्या कैऱ्या घेऊन आली. कैऱ्या ठेवल्या आणि म्हणाली, "बाई, इतल्या उन्हात काऊन हिंडून राहिल्या तुमी पाळीवर? लू लागंल ना."

मी म्हटलं, मी कधी हिंडले?

"काल. परवा बी. तुमी पुढं, साहेब मांगं. ते निळी टोपी होती तुमची, बोटीवरची. मी आवाज देला, तुमी पायलं बी नाही."

मी सांगितलं, काल दुपारी मी या पलंगावर झोपले होते. तिची नजर हळूच खाली गेली. ती माझी पावलं पाहत होती, सरळ आहेत की उलटी ते. माझ्याच वर्गात पाढे म्हटलेली पोरगी माझे पाय तपासत होती. मला हसू आलं आणि त्याच वेळी मानेवर काटा आला. जाताना ती म्हणाली की साहेबांना दुपारचं सोडू नका, पाळीवरची बाई रूप घेते असं तिची आजी सांगायची. दुसऱ्या दिवशी आमच्या दाराला लिंबू-मिरची टांगलेली होती.

पण त्या सकाळी शेजारीण गेल्याबरोबर मी माझी निळी टोपी पाहायला गेले होते. ती खुंटीला होती. तिच्या आतल्या पट्टीवर सुकलेल्या घामाची ताजी पांढरी रेघ होती. खाली माझ्या चपला होत्या आणि त्यांच्या तळाला राखाडी गाळ सुकलेला होता. मी त्या चपला घालून महिनाभरात बाजाराच्या पुढे गेले नव्हते. मी तिथेच भिंतीला टेकून बसले. कुणीतरी बाई माझी टोपी आणि माझ्या चपला घालून दुपारी तलावावर जात होती आणि माझा नवरा तिच्या मागे जात होता. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण त्या दिवशी मी चपला दोन बोटांनी उचलून मागच्या न्हाणीत नेल्या आणि घासघासून धुतल्या.

त्याला विचारलं, काल पाळीवर गेला होतात? तो वर्तमानपत्रातून मान वर न करता हो म्हणाला, जरा फिरून आलो. कुणासोबत, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, हे खरं. अडतीस वर्षांच्या संसारात मी त्याला कधी घाबरले नव्हते. आता त्याच्या शेजारी दुपारी आडवं व्हायला मला भीती वाटू लागली. तरी रोज झोप लागायची, कूलरचा आवाज कानात भरायचा आणि मी गाढ झोपायची. दोनदा उठले तेव्हा तळपाय भाजल्यासारखे चुरचुरत होते. मी त्याला उष्णता म्हटलं आणि सब्जाचं पाणी प्यायले.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मी परसात कपडे काढायला गेले, तर तो आंब्याखाली उभा राहून फोनवर बोलत होता. केरळच्या आवारातल्या माणसाशी तो तोडक्यामोडक्या हिंदीत बोलतो. मी चादरीआड थांबले. तो म्हणत होता, "इस साल नहीं। मेरी याददाश्त अब भरोसे की नहीं रही। मॅडम एकदम ठीक हैं, गडबड मेरी है।" पलीकडचा काहीतरी समजूत घालत असावा. त्याने दोन दिवसांनी पक्कं सांगतो म्हटलं आणि फोन ठेवला.

म्हणजे माझं गणित बरोबर होतं. मला बरं वाटायला हवं होतं. मी चादर तोंडाशी धरून रडले, त्याच्यासाठी थोडी आणि सेशेल्ससाठी जास्त. मग मी ठरवलं की त्या बाईचाही एकदा निकाल लावायचा. तो आपणहून बोट सोडतो आहे, तर त्याला दुपारी कोण नेतं हे तरी मला कळलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी पलंगावर गेले नाही. बैठकीत, वायुभारमापकाच्या खाली, लाकडी खुर्चीत ताठ बसले. मांडीवर वही, हातात पेन. समोर दार आणि दारावर घंटा. तो आतल्या खोलीत आडवा झाला होता. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. काटा नऊशे सत्तरवर होता. मी वहीत वेळ लिहिली आणि दाराकडे पाहत राहिले. बोटीवर मी याहून कठीण पहारे केले आहेत. पापणी जरा जड झाली, ती मी उचलली.

ती उचलली तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी त्याच खुर्चीत होते. पदर घामाने गळ्याला चिकटला होता. तो माझ्यासमोर मोढ्यावर बसला होता, हातात पाण्याची बाटली, खांद्यावर ओला पंचा. दोघांच्या चपला उंबऱ्याशी होत्या आणि त्या धुतलेल्या चपलांना पुन्हा गाळ होता. मी म्हटलं, मला डुलकी लागली वाटतं. त्याने बाटली माझ्यापुढे धरली. मी वहीकडे पाहिलं. माझ्या वेळेच्या नोंदीखाली तीन ओळी होत्या, छापील अक्षरात.

"१३.०० पाळ. वारा नाही. पाणी कालपेक्षा हातभर आत. तो मागे आहे, वीस पावलांवर."

"१४.०० पाळीचे टोक. ऊन फार. त्याला टोपी दिली."

"१५.०० घर. सर्व ठीक."

पेन माझ्या मुठीत होतं. मी ओळी दोनदा वाचल्या. मग त्याच्या डोक्याकडे पाहिलं. माझी निळी टोपी त्याच्या डोक्यावर होती.

मी विचारलं, कधीपासून. मला वाटलं मी ओरडेन, पण आवाज अगदी लहान निघाला.

"मला कळलं मार्चपासून," तो म्हणाला. "त्या दिवशी माझे डोळे उघडले होते मधे. तू सुकाणूवर होतीस. मी बोट तुझ्याकडे म्हटलं, तू माझ्याकडे म्हणालीस. म्हणून तर झोपलो मी. मग तू म्हणालीस, मी खाली होते. तुझा चेहरा पाहिला, तू खोटं बोलत नव्हतीस."

बाकीचं त्याने हळूहळू सांगितलं. गावी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी दुपारी झोपेतून उठले, चपला घातल्या, टोपी घेतली आणि निघाले. त्याने हाक मारली तर मी नीट उत्तर दिलं, हसलेसुद्धा, आणि त्याला तू म्हटलं. गावात, भर दिवसा. तेव्हा त्याला कळलं की मी कुठे आहे. पाळीवर मी वारा पाहायची, पाण्याची पातळी पाहायची, टोकापर्यंत जाऊन परत यायची, कुठे अडखळायची नाही. घरी येऊन जिथून उठले होते तिथेच परत जायची, आणि थोड्या वेळाने जाग आल्यासारखी डोळे उघडायची. आठवड्यातून दोन-तीनदा. घंटा त्यासाठी होती. रोज संध्याकाळी तो दुपारचं विचारायचा, तेही त्यासाठीच. साखरेचा डबा फ्रिजमध्ये मीच ठेवला होता. नागपूरच्या एका डॉक्टरांशी तो फोनवर बोलला होता. ते म्हणाले होते, अडवू नका, सोबत राहा, पाणी ठेवा आणि लवकर घेऊन या. लवकर घेऊन येणं मात्र त्याने महिनाभर पुढे ढकललं.

"मग फोनवर स्वतःचं नाव कशाला लावलंत?" मी विचारलं.

"माझ्यामुळे राहिलं असतं तर तू मला आयुष्यभर बोलली असतीस," तो म्हणाला. "ते मला चाललं असतं."

माझी वही त्याने कधीच वाचली होती. नवऱ्याच्या चुकांची पानंच्या पानं. मी ती वही त्याच्या अंगावर फेकली. मला त्याचा भयंकर राग आला, दोन महिने मला अंधारात ठेवल्याचा. आणि मी पाळीच्या टोकावर त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली असेन, ते काही केल्या आठवत नव्हतं, त्याचंही वाईट वाटलं. काहीतरी प्रेमाने केलं होतं मी, आणि त्या वेळी मी तिथे नव्हते.

नागपूरला गेलो. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढी होती. तिने सांगितलं की मेंदूत फिटसारखा लहानसा झटका येतो, बहुधा झोपेतून उठताना. हातपाय, बोलणं, शिकलेलं काम सगळं चालू राहतं, फक्त त्या तास-दोन तासांची नोंद होत नाही. गोळ्यांनी थांबतं, पुष्कळांचं थांबतं. वर्षभर एकटं गाडी चालवू नका, पोहू नका. मी विचारलं, पहारा? तिला कळलं नाही. नवऱ्याने समजावून सांगितलं, की बोटीवर दोघंच असतो आणि एक झोपलेला असतो. ती कागदाकडे पाहत नाही म्हणाली.

त्या जहाजाच्या बाबतीत मी नंतर पुष्कळ विचार केला. वीस अंश उजवीकडे, जहाजाच्या पाठीमागून. अगदी बरोबर केलं होतं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला पहारा होता, आणि तो कुणी केला असं विचारलं तर माझ्याकडे फक्त एक ओळ आहे, तीही कुणाचीही वाटावी अशा अक्षरात. ज्या बाईला शेजारीण घाबरली, तिनेच आम्हाला घरी आणलं. मी तिला कधी भेटणार नाही. गोळ्या तिच्यासाठीच आहेत.

केरळला मी स्वतः फोन केला आणि यंदा नाही, असं सांगितलं. कारण विचारलं तेव्हा माझं नाव सांगितलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी आम्ही बैठकीत बसलो होतो. गोळ्या सुरू होऊन पाच दिवस झाले होते आणि घंटा वाजली नव्हती. तरी तो बारा वाजता बाटली भरून, टोपी मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसला होता, पाचही दिवस. त्याचा चेहरा उन्हाने काळवंडला होता आणि डोळ्यांखाली सुजला होता. मी दोन महिने झोपले होते आणि त्याने एकट्याने सगळे पहारे केले होते. मला वाटलं, निदान नियमाप्रमाणे तरी करावं. जे हातातून गेलंच आहे ते नीट सोपवावं.

"बोट तुझ्याकडे," मी म्हटलं. गावात, घरात, पहिल्यांदा जागेपणी त्याला तू म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. कूलर चालू होता. भिंतीवर काटा नऊशे सत्तरवर होता. त्याने टोपी मांडीवरून काढली आणि दोघांच्या मधे तिपाईवर ठेवली. मी पुन्हा म्हटलं. तो खिडकीबाहेर, तलावाकडे पाहू लागला.

उत्तर कानावर आल्याशिवाय उठायचं नाही, असा नियम आहे. मी तीन वाजेपर्यंत बसून राहिले, पूर्ण जागी, आणि मला त्यातलं प्रत्येक मिनिट आठवतं.